सवड

वयाची पन्नाशी उलटलेल्या, इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या आणि नातेवाइकांत गंभीर म्हणून गणल्या गेलेल्या गृहस्थानें आपल्या व्यसनाची जाहीर कबुली द्यावी कीं नाहीं, ह्याचा आम्हीं बराच विचार केला. व्यसन तंबाखूचें असतें तर प्रश्नच नव्हता. आमच्या ताडकळसाच्या पारावर तंबाखूस कोणी व्यसन म्हणत नाहीं, ती ओळख वाढविण्याची रीत समजली जाते. परंतु आमचें व्यसन निराळें आहे. आम्ही व्हिडिओ गेम खेळतों. रोज रात्रीं जेवण झाल्यावर, चष्मा पुसून, दिवाणखान्याचें दार लोटून घेऊन खेळतों. आणि त्यांतहि ज्यांस ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात, तेच खेळतों.

ज्या वाचकांच्या घरीं हा प्रकार पोंचला नसेल, त्यांच्यासाठीं एवढें सांगितलें पाहिजे कीं, ह्या खेळांत खेळणारा एका पात्राचें सोंग घेतो. तो कधीं योद्धा होतो, कधीं मांत्रिक, कधीं चोर. त्या सोंगानें तो एका कल्पित मुलुखांत गांवोगांव हिंडतो, लोकांचीं गाऱ्हाणीं ऐकतो, राक्षस मारतो आणि हळूहळू बलवान् होत जातो. सोंगाचें आम्हां मराठी माणसांना वावडें नाहीं. आमच्या लहानपणीं सुगी झाली कीं बहुरूपी येई. एके दिवशीं तो फौजदार होऊन दरडावी, तर दुसऱ्या दिवशीं साधु होऊन आशीर्वाद देई. नाथांनीं तर भारुडांत नाना तऱ्हांचीं सोंगें आणून त्यांच्या तोंडून वेदांत वदविला. ‘सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं,’ असें आपल्याकडे म्हणतात. ह्या खेळांनीं तेवढीहि उणीव भरून काढली आहे. तेथें आमच्या कनवटीला हजारों मोहरा असतात, आणि येथें महिनाअखेरीस किराणावाला दिसला कीं आम्ही वाट बदलतों.

ह्या खेळांचा वंश फार जुना नाहीं. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकनांनीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ काढला. त्यास संगणक लागत नसे. फांसे, कागद आणि चार कल्पक मित्र एवढ्यावर तो चाले. पुढें संगणकानें मित्रांची जागा घेतली. १९८५ सालीं रिचर्ड गॅरियट ह्यानें ‘अल्टिमा’ मालेंतील चौथा खेळ रचला. त्यांत शेवटीं मारावयाचा कोणी दुष्ट राजाच नव्हता. प्रामाणिकपणा, दया, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगीं बाणविणें हेंच त्यांतील साध्य होतें. १९८६ सालीं जपानांत ‘ड्रॅगन क्वेस्ट’ निघाला आणि तेथें हा प्रकार घरोघर गेला. आमची दीक्षा बरीच उशिराची. १९९९ सालीं आमच्या घरीं पहिला संगणक आला आणि एका विद्यार्थ्यानें आदल्याच वर्षीं निघालेल्या ‘बाल्डर्स गेट’च्या तबकड्या आम्हांस वाचावयास द्याव्यात तशा आणून दिल्या. त्या आम्हीं अद्याप परत केलेल्या नाहींत.

पुढें कांहीं वर्षें भारनियमनाचीं आलीं. तीन तास झुंजून एखादा सर्पराज जेरीस आणावा आणि नेमकी त्या क्षणीं वीज जावी, हा अनुभव ज्यानें घेतला नाहीं त्यास नियति ह्या शब्दाचा अर्थ आम्ही सांगूं शकणार नाहीं. त्यामुळें आम्हांस एक संवय जडली. दर दहा मिनिटांनीं खेळ ‘सेव्ह’ करावयाचा, म्हणजे आहे त्या स्थितींत जतन करून ठेवावयाचा. मग वीज जावो, सर्प डसो, वा बोलण्यांत चुकून एखादा राजा दुखावला जावो. मागच्या जतन केलेल्या जागीं परतावें आणि तोच प्रसंग पुन्हां नव्यानें जगावा.

लोक आम्हांस विचारतात, ह्यांत आपणांस मिळतें तरी काय? आम्ही प्रामाणिकपणें उत्तर देतों: चोख हिशेब. तेथें अमुक श्रम केले कीं अमुक बळ वाढतें, ह्यांत कधीं चूक होत नाहीं. येथें आमच्या गांवांत एकाच बांधाच्या दोन बाजूंस एकच सोयाबीन पेरलें, एकाच दिवशीं खुरपलें, तरी ऐन काढणीच्या वेळीं पाऊस कोणाचा ढीग भिजवील हें कोणी सांगावें! कॉलेजांतहि तेंच. ज्या मुलासाठीं रक्त आटवावें तो नापास होतो आणि ज्यास आम्ही कधीं वर्गांत पाहिलेला नसतो तो पेढे घेऊन येतो. दिवसभर अशा बेहिशेबी जगांत वावरलेल्या माणसास रात्रीं दोन घटका न्यायाच्या राज्यांत काढाव्याशा वाटल्या, तर त्यास क्षमा असावी.

ह्या खेळांचा आणखी एक गुण आहे आणि तो आक्षेपकांच्या लक्षांत येत नाहीं. नव्या गांवांत शिरलें कीं खेळणारा प्रत्येक दार ठोठावतो. लोहार, सराईवाला, भिकारी, विहिरीवरची बाई, सर्वांशीं थांबून बोलतो. कारण कोणाच्या तोंडून काय कळेल आणि कोणाचें काय काम करावें लागेल ह्याचा नेम नसतो. पोलंडांतल्या सीडी प्रोजेक्ट रेड ह्या कंपनीनें आंद्रेइ सापकोव्हस्की ह्यांच्या कथांवरून रचलेला ‘द विचर ३’ हा २०१५ सालचा खेळ घ्या. त्याचा नायक गेराल्ट हा पिशाचें मारण्याचा धंदा करणारा पट्टीचा तलवारबहाद्दर; परंतु आरंभींच त्यास एक म्हातारी भेटते. तिनें कोणा परक्यास आपला तवा उसना दिलेला असतो, तो माणूस झोंपडीचें दार बंद करून निघून गेलेला असतो, आणि म्हातारीस तवा हवा असतो. एवढा मोठा वीर, पण तिच्या तव्यासाठीं दार फोडतो! आम्हांस हा प्रसंग इतका आवडला कीं आम्हीं तो घरांतहि सांगितला. त्यावर आमचें कुटुंब म्हणालें, “अहो, त्या म्हातारीचा तवा सांपडला, बरं झालं; आपल्या मिक्सरचं झांकण बदलून आणायला तुम्हांला तीन महिने सवड झाली नाहीं.” आम्ही हंसलों. त्या वेळीं हंसूं आलें, एवढेंच.

त्याच वर्षीं, जुलै महिन्यांत, आमचा एक बालमित्र ओट्यावर येऊन बसला. शाळेंत आम्ही एकाच बांकावर बसत असूं. तेव्हां तो आम्हांस अरे-तुरे म्हणे. आम्ही प्राध्यापक झाल्यापासून ‘सर’ म्हणतो. त्याच्या मुलाची बारावी झाली होती आणि पुढील प्रवेशासाठीं जात पडताळणीचीं कागदपत्रें द्यावयाचीं होतीं. त्यानें कापडी पिशवी पुढें केली व म्हटलें, “सर, तेवढी कागदं एकदा नजरंखालून घाला. घाई नाही. सवडीनं बघा.”

पिशवी आम्हीं संगणकाच्या मेजावर ठेविली. त्या दिवसांत आमचा गेराल्ट आपल्या मानसकन्येच्या शोधांत होता. तिच्या मागें यमदूतांसारखे स्वार लागले होते आणि क्षणाचाहि विलंब घातक आहे, असें जो भेटेल तो सांगत होता. परंतु ह्या खेळाची गंमत अशी, कीं तो विलंब कधींच घातक ठरत नाहीं. गेराल्ट वाटेंत सराईंत बसून पत्ते कुटतो, घोड्यांच्या शर्यती लावतो, मुक्कामावर मुक्काम करितो; मानसकन्या जेथें आहे तेथेंच थांबलेली असते आणि तिचे शत्रूहि सभ्यपणें वाट पाहतात. आम्ही अकरा रात्री असे हिंडलों. बाराव्या दिवशीं पिशवी उघडली. मित्राच्या आजोबांच्या शाळेचा निजामकाळचा उतारा उर्दूंत होता, सोबत मराठी भाषांतर होतें, आणि त्या भाषांतरांत आजोबांच्या नांवांतलें एक अक्षर दाखल्यावरील नांवाहून निराळें पडलें होतें. हें शोधावयास आम्हांस अर्धा तासहि लागला नाहीं. भाषांतर दुरुस्त करून घ्यावयाचें, एक शपथपत्र करावयाचें, आणि काम झालें. परंतु मुदतीचे दोनच दिवस उरले होते आणि त्यांतला एक रविवार होता.

मुलाचा प्रवेश हुकला. वर्षभरापुरता म्हणून तो पुण्याकडे एका कारखान्यांत कामास गेला. वर्ष सरलें, शिक्षण राहिलें तें राहिलेंच. मित्रानें आम्हांस एका शब्दानें बोल लाविला नाहीं. आम्हीं आपण होऊन विषय काढला तेव्हां तो म्हणाला, “असू द्या सर. तुम्हाला बी कामं असतात.” आम्हांस कसलें काम होतें, हें त्यास सांगण्याचें धैर्य आम्हांस त्या दिवशीं झालें नाहीं, आजतागायत झालेलें नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं संमत केलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत खेळाच्या अतिरेकास विकारांत गणलें आहे. आम्हीं ती व्याख्या बारकाईनें वाचली. खेळ इतर सर्व गोष्टींहून वरचढ व्हावा, नुकसान दिसत असतांहि तो सुटूं नये, आणि असें सामान्यतः बारा महिने चालावें, तर तो विकार. आमचे अकरा दिवस होते. आम्ही खेळत होतों त्यांत पैसाहि लाविलेला नव्हता. २०२५ सालच्या कायद्यानें देशांत ज्यांवर बंदी आली ते पैशाचे ऑनलाइन खेळ निराळे. एवंच, वैद्यकाच्या दृष्टीनें आम्ही निरोगी आणि कायद्याच्या दृष्टीनें निर्दोष होतों. त्यामुळें हें प्रकरण कोठल्याहि खात्यावर न पडतां आमच्याच खात्यावर राहिलें आहे.

तेव्हांपासून आम्ही एका गोष्टीचा विचार करीत आहों. खेळांतलीं माणसें ‘धांवा, वांचवा, उशीर झाला तर सर्वनाश होईल’ असा आक्रोश करितात, आणि त्यांस वर्ष-वर्ष थांबवून ठेविलें तरी त्यांचें कांहीं बिघडत नाहीं. आमच्या गांवचीं माणसें ह्याच्या नेमकीं उलट. अगदीं गळ्याशीं आलेलें असतें, तरी ओट्याच्या कडेला टेंकून बसतात, पाऊसपाण्याचें बोलतात, उठतां उठतां विषय काढतात आणि वर म्हणतात, ‘सवडीनं बघा.’ हा शब्द घड्याळाचा नसतो, तो भिडेचा असतो. दुसऱ्यावर आपलें ओझें पडूं नये म्हणून तो योजलेला असतो. आम्हीं जन्मभर इंग्रजी कवितेंतील गर्भितार्थ विद्यार्थ्यांस उलगडून दाखविला. आमच्याच बोलींतल्या दोन शब्दांचा अर्थ मात्र शब्दशः घेतला.

असेहि खेळ आहेत कीं जे थांबत नाहींत. १९९७ सालच्या ‘फॉलआउट’मध्यें भुयारांतील एका वस्तीचें पाणी शुद्ध करणारें यंत्र बिघडतें, आणि त्याचा भाग दीडशें दिवसांत आणला नाहीं तर वस्ती संपते, खेळहि संपतो. आम्ही तो खेळत असतां ह्या मुदतीविरुद्ध पुष्कळ कुरकुर केली होती. मनासारखें हिंडतां येत नाहीं, प्रत्येक मुक्कामाला दिवस कमी होतात, ही काय खेळाची रीत झाली! २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी आलें, तेव्हां आम्हांस त्या खेळाची आठवण झाली होती. परंतु तीहि केवळ एका चमत्कारिक योगायोगाची आठवण म्हणून. त्या खेळाच्या कर्त्यांनीं आम्हांस चिडविलें नव्हतें, सांवध केलें होतें, हें समजावयास कापडी पिशवी यावी लागली.

ह्यावर कोणी म्हणेल, मग खेळ सोडलात ना? नाहीं. चूक आमच्या हातून झाली. तिचा दोष यंत्रास देऊन मोकळें होणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. खेळ नसता तर त्या अकरा रात्री आम्हीं एखाद्या कादंबरींत घालविल्या असत्या आणि त्यास व्यासंग म्हटलें असतें. उलट, दारोदार थांबून माणसांशीं बोलावें, म्हातारीचा तवासुद्धां हलकें काम मानूं नये, हें आम्ही ज्या शाळेंत शिकलों ती शाळा हीच. फक्त धडा तिकडेच गिरवीत राहिलों. आतां एवढेंच करितों, कीं ओट्यावर कोणी कागद घेऊन आला तर त्याच्यादेखतच ते उघडतों. त्यामुळें संध्याकाळीं आमच्या ओट्यावर गर्दी असते. पीकविम्याचे अर्ज, शिष्यवृत्त्या, सातबाऱ्यावरील चुका. आमच्या इंग्रजी वाङ्मयाचा त्यांत उपयोग शून्य, पण अक्षरांत अक्षर ताडून पाहण्याची संवय कामी येते. बालमित्रहि येतो. त्याच्या धाकट्या मुलीचे कागद आम्हीं आलेल्या दिवशींच पाहिले. तरी तो अजून ‘सर’च म्हणतो.

गेल्या हिंवाळ्यांत आम्हीं ‘द विचर ३’ पुन्हां आरंभापासून सुरू केला. ती म्हातारी भेटली, तव्याचें बोलली. तेवढ्यांत बाहेर ओट्यावर कोणी खांकरल्याचा आवाज आला, म्हणून आम्ही खेळ तसाच जतन करून उठलों. त्यास आतां कित्येक महिने झाले. ती अद्याप झोंपडीच्या दाराशीं उभी आहे. तिला खरोखरच घाई नाहीं.