अठरा कागदांचा कंदील

दिवाळी जवळ आली की हस्तव्यवसायाच्या तासाला मी मुलांकडून आकाशकंदील करवून घेत असे. सारख्या लांबीच्या कामट्या, समभुज त्रिकोणात कापलेला पतंगी कागद आणि घरची खळ. माझा नियम एकच: कंदील सगळीकडून फुगीर हवा, कुठे खळगा नको. प्रत्येकाला वीस कागद मिळत. एका वर्षी कागद कमी पडले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाच्या वाट्याला अठराच आले. त्याच्या कंदिलाला एका अंगाने खळगा पडलेला! मी शून्य दिले आणि वर साऱ्या वर्गादेखत त्याला 'धांदरट' म्हणालो. मास्तरकीत हे फार सोपे असते.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका पुस्तकात वाचले की, असे फुगीर कंदील आठच प्रकारचे होतात: ४, ६, ८, १०, १२, १४, १६ आणि २० त्रिकोणांचे. १८ चा होतच नाही! फ्रॉयडेन्थाल आणि व्हॅन डेर वेर्डन या गणितज्ञांनी १९४७ साली हे सिद्ध केले. मी पडलो मॅट्रिक. माझा विश्वास बसेना. रात्री कामट्या घेऊन बसलो. एका कोपऱ्याशी सहा त्रिकोण आणले तर ३६० अंश भरतात आणि कागद सपाट पडतो. म्हणजे फार तर पाच. अठरा त्रिकोणांच्या कंदिलाला कोपरे अकरा आणि त्रिकोणांची टोके चोपन्न. तेव्हा दहा कोपऱ्यांशी पाच-पाच आणि एकाशी चार, एवढाच हिशेब जमतो. चाराच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली, पुढे पाच-पाच जुळवीत गेलो, तो सोळाव्या त्रिकोणालाच कंदील मिटला, आणि पलीकडे चाराचा दुसरा कोपरा! तीनदा मोडून पाहिले.

बोल्याय आणि लोबाचेव्हस्की यांच्या भूमितीत समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांहून लहान असतो. तिथे एका कोपऱ्याशी सहा काय, सातही त्रिकोण सपाट न होता बसतील. पण आमची शाळा युक्लिडच्या राज्यात होती.

गेल्या दिवाळीत तो मुलगा बाजारात कंदील विकताना भेटला. मी सारे सांगून टाकले. तो संकोचला.

"गुरुजी, माझाही सोळांतच मिटला होता. दोन कागद उरले. कागद वाया घालवायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत. म्हणून लावलेला एक काढला आणि तिन्ही आत बसवले."

मी एक कंदील उचलला आणि पैसे पुढे केले. तो घेईना.