शेवट सांगू नका

ज्या कथेचा शेवट ठाऊक नाही तिची उत्कंठा मनुष्यास वाटावी, यात नवल नाही. परंतु जिचा शेवट आईच्या मांडीवर असतानाच कानावर पडावयाचा, त्या कथेची वाट सारे घर दिवस मोजीत पाहू लागले म्हणजे थोडे थांबून विचार करावासा वाटतो. आमच्या धुळ्याच्या घरी असेच चालले आहे. निमित्त एका चित्रपटाचे. नितेश तिवारी यांच्या ‘रामायण’ चित्रपटाचा पहिला भाग २०२६ च्या दिवाळीत आणि दुसरा २०२७ च्या दिवाळीत, असे निर्मात्यांनी २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर केले. पुढे २०२५ च्या जुलैत त्याची काही मिनिटांची पहिली झलक लोकांस दाखविली. आणि तेव्हापासून आमच्या माजघरात अयोध्या, किष्किंधा व लंका यांच्याखेरीज चौथे गाव उरलेले नाही.

यातील मुख्य अधिकारी पुरुष दोन : माझा मुलगा आणि थोरल्या दिरांचा धाकटा चिरंजीव. राम रणबीर कपूर, सीता साई पल्लवी, रावण यश, मारुती सनी देओल, संगीत ए. आर. रहमान आणि हान्स झिमर या दोघांचे, ही नामावळी ते संध्येच्या चोवीस नावांपेक्षा अधिक बिनचूक म्हणतात. ती झलक फोनवर थांबवून थांबवून पाहणे आणि धनुष्याच्या टोकावरून, रथाच्या चाकावरून अनुमाने बांधणे हा त्यांचा रात्रीचा स्वाध्याय. रावणाची दहा तोंडे दाखवावीत की एकच, यावरून एकदा पानावर बसल्या बसल्या इतका वाद झाला की आमटी निवून गेली. मात्र त्यांच्या उत्साहास एक जुनी जखम आहे. २०२३ च्या ‘आदिपुरुष’ची वाटही त्यांनी अशीच पाहिली होती, त्यातील संवाद लोकांस इतके खटकले की चित्रपट लागल्यावर त्यांपैकी काही बदलावे लागले. तेव्हापासून दोघे बोलतात मोठ्याने, पण मनातून भितात.

“राम माहीत, सीता माहीत, रावण मरणार हेही माहीत, मग पाहायचे ते काय?” असे थोरल्या जाऊबाई विचारतात. प्रश्न रास्त आहे. मला वाटते, पाहावयाचा असतो तो चेहरा. कथा सर्वांची एक, पण घरातील प्रत्येकाचा राम निराळा, आणि पडद्यावरचा राम आपल्या रामाशी जुळतो की नाही, ही ती धाकधूक असते.

आमच्या सासूबाईंचाच राम घ्या. त्यांच्या माहेरी देवघराशेजारी एक कॅलेंडर होते. त्यावर विजय भट्ट यांच्या १९४३ सालच्या ‘रामराज्य’ चित्रपटातील प्रेम अदीब व शोभना समर्थ यांचे चित्र. वर्ष सरले तरी ते कोणी उतरविले नाही. त्यास हळदकुंकू वाहिले जाई. पुढे लग्नाआधी सारंगखेड्याच्या यात्रेत, तंबूतल्या सिनेमात, त्यांनी १९६१ चा ‘संपूर्ण रामायण’ पाहिला. महिपाल राम झालेला पाहून “हा कोण?” असे त्या मोठ्याने म्हणाल्या आणि वडिलांनी डोळे वटारले, हे त्या अजून सांगतात. माझा राम दूरदर्शनचा. २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी माझ्या माहेरी, जळगावास, आमच्या ओसरीवर गल्लीतील चाळीस माणसे दाटीवाटीने बसत; आई दूरदर्शन संचास फूल वाही; अरुण गोविल यांच्या मंद स्मिताखेरीज राम मला आजतागायत दिसू शकलेला नाही. माझ्या सासऱ्यांच्या रामास मात्र चेहरा मुळीच नव्हता. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गीतरामायण त्यांना सगळे पाठ होते, छप्पन्न गीते. त्यांचा राम सुधीर फडक्यांच्या आवाजात होता, आणि चित्रपटातला कोणताही राम पाहून ते एवढेच म्हणत, “बोलतो बरा.”

हे सारे आजचे खूळ आहे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी दादासाहेब फाळक्यांचे चरित्र आठवावे. १९१० च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहात असता त्यांना पडद्यावर आपले राम-कृष्ण दिसू लागले आणि त्या एका ध्यासातून आपल्याकडील चित्रपट जन्मास आला. त्यांच्या १९१७ सालच्या ‘लंकादहना’त अण्णा साळुंके यांनी रामाचे काम केले आणि सीतेचेही तेच झाले, तरी राम पडद्यावर येताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून ठेवीत, असे सांगतात. म्हणजे ओळखीच्या जगाचे नवे रूप पाहण्याची ही भूक आमच्या दोन तरुणांनी काढलेली नव्हे. त्यांच्या हाती फक्त फोन आला आहे.

ठाऊक असलेल्याची वाट पाहण्याची खरी शाळा माझ्यापुरती जळगावचा रथ. जुन्या गावातील श्रीराम मंदिराचा हा रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला. दिवाळी संपते न संपते तो कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज रात्री निराळे वहन निघते. आज घोडा, उद्या हत्ती, कधी सिंह, कधी सरस्वती, कधी मारुती. आणि प्रबोधिनी एकादशीस प्रत्यक्ष रथ. रथ तोच, मूर्ती तीच, वाटही तीच. वाटेत लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी तो थांबणार आणि तेथे चादर चढविली जाणार, हेही ठरलेले. आमच्या दारावरून तो गेला की पुढे काय होणार हे शेंबडे पोरही सांगू शके. आणि तरीही दुपारपासून आम्ही मुली दारात रांगोळीपाशी उभ्या! रथाच्या चाकाखाली मोगरी घालून त्याला आवरणारे, वळविणारे लोक असतात. ती लाकडी मोगरी नेमकी कोणत्या क्षणी चाकाखाली सरकते आणि एवढे मोठे धूड कसे जागच्या जागी ठरते, हे पाहण्यासाठी मी दरवर्षी श्वास रोखून धरीत असे. रथ थांबणार हे ठाऊक होते. पण तो डोळ्यांसमोर थांबावयास हवा असे.

एवढे सांगून मी जाऊबाईंना गप्प केले असते. परंतु आमच्या घरात एक असामी अशी निघाली की जिने माझे सारे पांडित्य उलटेपालटे केले. थोरल्या दिरांचा नातू आठ वर्षांचा आहे. त्याची आजवरची वर्षे वडिलांच्या नोकरीमुळे परदेशी गेली. मागील वर्षी ती मंडळी धुळ्यास परतली. हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेत कोणते दालन कोठे, कोणाच्या छडीत काय, हे तो झोपेतही सांगेल. काकांच्या संगतीने तोही रामायणाच्या नादी लागला. एके रात्री सासूबाई सहज म्हणाल्या, “आणि मग रावण मारला गेल्यावर—” तोच हा दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळला, “पणजी, शेवट सांगू नको!”

माजघर क्षणभर स्तब्ध झाले. आमच्या घरात, ज्या घरातून रामनवमी कधी चुकली नाही, सीता सुटते की नाही हे ठाऊक नसलेला एक जीव आमच्याच ताटात जेवत होता! जाऊबाईंस रडू आले. त्यांना त्यात मुलाच्या संगोपनाची उणीव दिसली. सुनेचा चेहरा उतरला. दोघे काका मात्र हर्षभरित. त्यांचे म्हणणे असे की, रामायण प्रथमच, काहीही ठाऊक नसता, पाहण्याचे भाग्य आपल्यापैकी कोणास लाभले? त्या भाग्यवंताचे सुख आपण हिरावून घेऊ नये. दिवाळीपर्यंत त्याच्यासमोर कोणी ब्र काढू नये. उलट बाजू दिरांनी मांडली. पहिला राम जो मनात बसतो तो बसतो. तो कोट्यवधी रुपये खर्चून बनविलेल्या यंत्रातून यावा की पणजीच्या तोंडून? पडद्यावरच्या रामासमोर ठेवावयास त्याचा स्वतःचा राम असू नये काय?

मला स्वतःला दिरांचे म्हणणे पटते. तरी एक गोष्ट त्यांच्याही नजरेआड होते असे मी म्हणाले. सासूबाईंचा राम तरी कोठून आला? कॅलेंडरावरूनच. पणजीच्या तोंडून आलेला रामही कोणा नटाचाच चेहरा घेऊन येणार आहे. फक्त तो तिच्या आवाजातून, तिच्या थांबण्यातून आणि डोळे पुसण्यातून गाळून येईल, आणि हे गाळणे चित्रपटास करता येत नाही.

वाद तुटेना. तेव्हा एका रविवारी मी त्या मुलास घेऊन आमच्या गावच्या समर्थ वाग्देवता मंदिरात गेले. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे गावोगाव, मठोमठ हिंडून समर्थसंप्रदायाची हस्तलिखिते जमविली. त्यांसाठी १९३५ साली हे मंदिर उभे राहिले. समर्थांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील म्हणून मानली जाणारी वाल्मीकिरामायणाची प्रत तेथे जपून ठेविलेली आहे. मी त्यास सांगितले की, त्या वेळी छापखाना नव्हता; बोरूने, शाईत बुडवून, एकेक अक्षर लिहावयाचे; आणि श्लोक चोवीस हजार. तो बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहात राहिला. मग विचारता झाला, “लिहिताना त्यांना शेवट माहीत होता?”

“होता तर.”

“मग एवढे सगळे का लिहिले?”

मी जाऊबाईंना दिलेले उत्तर, चेहऱ्याचे, येथे उपयोगी पडेना. पोथीत चेहरा नाही. मी म्हणाले, त्यांना तिथे राहावयाचे होते. हे उत्तर त्यास पटले असावे, कारण जादूच्या शाळेची पुस्तके तोही चौथ्यांदा वाचीत आहे. परतताना त्याने आपण होऊन एक तह सुचविला : पणजीने गोष्ट सांगावी, पण अगदी हळू, रोज थोडी, आणि “थांब” म्हणताच थांबावे.

तेव्हापासून रोज रात्री अंथरुणे घातल्यावर कथा चालते. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. दात नसल्यामुळे ‘दशरथ’ म्हणताना त्यांची धांदल उडते. पण कैकेयी रुसून भूमीवर पडली म्हणजे त्या स्वतः उशीवर अशा पडतात की जाऊबाईंनी दार लोटून पाहावे. दोघे काका आरंभी नाके मुरडीत. आता तेही फोन पालथा घालून ऐकतात. मात्र याच बैठकीत एकदा असे झाले की कोणास काही बोलवेना. चित्रपट दोन भागांत असल्याचे सासूबाईंना तोवर नीटसे उमगले नव्हते. माझ्या मुलाने समजावून सांगितले की, पहिल्या भागानंतर दुसऱ्यासाठी पुरे वर्ष थांबावयाचे. त्यांनी हिशेब केला आणि म्हणाल्या, “म्हणजे सीतेला वर्षभर लंकेत ठेवणार? आणि माझे काय? पुढच्या दिवाळीचा भरवसा मला कोण देणार?”

त्या हसत म्हणाल्या, हे खरे. पण त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की, या घरात रामायणाची खरी वाट पाहणारे दोघेच आहेत : एकास गोष्टीचा शेवट ठाऊक नाही आणि दुसरीस आपण तो पाहू की नाही हे ठाऊक नाही. मधले आम्ही सारे नटांच्या चेहऱ्यांवर वाद घालणारे. मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग सरकून पणजीजवळ गेला आणि म्हणाला, “मग तू आजपासून जरा जास्त सांगत जा.”

त्यामुळे कथेचा वेग वाढला आहे. चित्रकूट मागे पडले, अरण्यकांड लागले. परवा शरभंग ऋषींचा आश्रम आला. सासूबाईंनी त्यास सांगितले की, हा आश्रम काही दूर नाही. आपल्या खानदेशातच, चोपडा तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव म्हणून जागा आहे. ऋषींचे अंग व्याधीने पोळत होते म्हणून रामाने तेथे बाण मारून ऊन पाणी काढले, असे लोक सांगतात, आणि ते पाणी गोमुखातून अजून वाहते. पोथीत ही हकीकत नाही, असे मोठा काका हळूच म्हणाला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. मुलगा अंथरुणातून उठून बसला होता. संगणकावर रंगवून दाखविणार आहेत ते दंडकारण्य मोटारीच्या वाटेवर आहे, ही बातमी त्यास कोणीच आजवर दिली नव्हती.

“पाणी खरेच ऊन आहे?”

“हात लावून बघ.”

येत्या रविवारी पहाटे निघावयाचे ठरले आहे. जाऊबाई दशम्या व शेंगदाण्याची चटणी बांधून देणार आहेत. दोघा काकांनी मोटार सांगून ठेविली आहे. सासूबाईंना एवढा प्रवास झेपेल की नाही अशी शंका मी काढून पाहिली, पण त्यांनी पाय पुसण्याचा पंचा आधीच पिशवीत घातला आहे, आणि परत येताना कथा मोटारीतच पुढे चालू करावयाची, शूर्पणखेपर्यंत न्यावयाची, असे त्या दोघांचे आपसांत ठरले आहे.