हाय स्ट्रीटवर थांबलेली माणसं

इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातलं वूटन बॅसेट हे छोटं बाजारगाव. २००७ च्या एप्रिलमध्ये ब्राइझ नॉर्टनच्या हवाई तळावर धावपट्टीची दुरुस्ती निघाली आणि इराक-अफगाणिस्तानात पडलेल्या ब्रिटिश सैनिकांची पार्थिवं गावाजवळच्या लायनम तळावर उतरू लागली. तिथून ऑक्सफर्डच्या रुग्णालयाकडे जाणारी वाट गावाच्या मधोमध, हाय स्ट्रीटवरून होती.

आधी थांबले ते रॉयल ब्रिटिश लीजनचे वयस्क माजी सैनिक. ध्वजात लपेटलेली पेटी समोरून जाताना त्यांनी सलाम केला, एवढंच. हळूहळू दुकानदार काउंटर सोडून बाहेर येऊ लागले, गिऱ्हाइकं त्यांच्या शेजारी उभी राहू लागली. कुणी बोलावलं नव्हतं. मांडव नाही, भाषण नाही, पुढाऱ्यांसाठी राखीव खुर्च्या नाहीत.

सेंट बार्थोलोम्यू चर्चची घंटा संथ लयीत वाजू लागे. उंच काळी टोपी घातलेला अंत्यविधीचा प्रमुख शववाहिनीपुढे पायी चाले, लीजनचे झेंडे खाली झुकत. आप्तांच्या हातातली फुलं गाडीच्या टपावर पडत आणि मग आईचा किंवा बहिणीचा हुंदका फुटे. १४ जुलै २००९ रोजी एकाच दिवशी आठ पेट्या आल्या, तेव्हा रस्त्यावर हजारो माणसं होती. ऑगस्ट २०११ पर्यंत गाव असं १६७ वेळा उभं राहिलं, ३४५ जणांसाठी. त्याच वर्षी गावाच्या नावामागे ‘रॉयल’ लागलं. पण त्याआधीची चार वर्षं हुकुमावाचून उभं राहणं, हा मान त्याहून मोठा.

याच ब्रिटनने पहिल्या महायुद्धात पार्थिवं मायदेशी आणायला बंदी केली होती. ऐपत असलेल्यांनी आपली मुलं आणायची आणि गरिबाने नाही, हा भेद नको, असं त्यामागचं एक कारण. समतेचा तो विचार हिंदी शिपायांपर्यंत मात्र पुरता पोचला नाही. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणीही लढल्या. पण तिथल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलीच नव्हती, पलटणीगणिक नुसते आकडे होते. त्या युद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या एकाच गावातले ४६ जवान कामी आले.

पुढे आपल्याकडे हे चित्र बदललं. १९९९ च्या कारगिल युद्धात तिरंग्यातल्या पेट्या थेट गावोगावच्या अंगणात पोचल्या. आता सातारा-कोल्हापूरकडे जवानाचं पार्थिव येणार म्हटलं की बाजारपेठ आपसूक बंद होते. बायका रस्त्यावर रांगोळ्या घालतात, शाळेची पोरं दुतर्फा रांगेत उभी राहतात, फुलांनी सजवलेला लष्कराचा ट्रक माणसाच्या चालीने पुढे सरकतो. ‘अमर रहे’च्या घोषणांनी घसे बसतात. ज्यांनी त्या पोराला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, तेच आता खांदा द्यायला पुढे होतात.