सरकी, रुई आणि खानदेश

पारोळ्यात पाहण्यासारखं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: किल्ला आणि बालाजीचं मंदिर. जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी १७२७ मध्ये बांधलेला भुईकोट, भोवतीचा खंदक, झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे घराण्याशी सांगितलं जाणारं गावाचं नातं, हे सगळं तासाभरात उरकतं. पण पारोळा, अमळनेर, धरणगाव हा टापू तलवारीपेक्षा कापसावर घडला, आणि त्या घडणीचा पुरावा बुरुजात नाही, जिनिंगच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. दिवाळीनंतर या भागात जाणाऱ्यानं किल्ला थोडक्यात आटोपून आधी चालू जिनिंग पाहावं आणि मग वीसेक किलोमीटरवरचं अमळनेर गाठावं.

जिनिंगमध्ये गाडीतला कापूस यंत्रावर पडतो. चामड्याच्या चकत्या बसवलेले रोलर तंतू पकडून ओढतात, पुढे-मागे हलणारं पातं बी मागं लोटतं. रुई एका बाजूला, सरकी खाली. क्विंटलभर कापसातून जेमतेम पस्तीस किलो रुई मिळते. सरकी तेलघाण्याला आणि तिची ढेप गुरांना जाते. शेवटी प्रेसमध्ये रुई दाबून सुमारे १७० किलोची गाठ बांधली जाते. काम तसं साधं, पण इतिहासाचा वाद याच दोन यंत्रांपाशी उभा राहतो.

खानदेशाचा कापूस इंग्रजांनी वर काढला, असं पुष्कळदा लिहिलं जातं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेनाशी झाली, त्याच सुमारास भुसावळपर्यंत रेल्वे आली आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव चढला. यातलं काहीही चूक नाही. पण मग धरणगावला सतराव्या शतकातच इंग्रजांची वखार कशी होती? कापड घ्यायला. म्हणजे कापूस, सूत, माग आणि बाजारपेठ हे सगळं आधीच इथं होतं. सरकी हातरेच्यावर, म्हणजे हातानं चालवायच्या यंत्रावर, निघे आणि रुई इथल्याच चरख्यावर जाई. युद्धानं आणि रेल्वेनं कापूस दिला नाही, त्याची दिशा बदलली. प्रेस हा या बदलाचा साक्षीदार आहे. शेजारच्या विणकराला रुई द्यायची तर ती एवढी दाबावी लागत नाही. वॅगन आणि जहाज भरायचं तर लागते. कापड विकणारा मुलूख कच्चा माल विकू लागला, हे कागदापेक्षा यंत्र स्वच्छ सांगतं.

अमळनेर या गोष्टीचा पुढचा भाग आहे. इथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रताप मिल उभी राहिली आणि रुईचं पुन्हा घरच्या घरी सूत होऊ लागलं. ती काढणाऱ्या प्रतापशेठांनीच १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था काढली. पुढे कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथं येऊन राहिला. २९ डिसेंबर १९४५ रोजी वनस्पती तुपासाठी इथं स्थापन झालेली कंपनी म्हणजे आजची विप्रो. शेतमालावर उभं राहिलेलं भांडवल किती लांब जातं, हे या एका तालुक्यात दिसतं.

ही सगळी गोष्ट सांगणारं यंत्रांचं संग्रहालय इथं व्हावं म्हटलं, तर गिरण्यांचं स्मारक म्हणजे मालकांचा गौरव, असा आक्षेप येईल. प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींनीच पुढे खानदेशातल्या गिरणी कामगारांची बाजू घेतली, तेव्हा आक्षेपाला वजन आहे. पण उत्तर यंत्रं भंगारात घालणं हे नव्हे. इंग्लंडमधल्या स्टायल गावची १७८४ ची क्वारी बँक गिरणी आज संग्रहालय आहे, आणि तिथं गिरणीत राबणाऱ्या मुलांचं वसतिगृहही दाखवतात. दुसरा आक्षेप पैशाचा. पण इथं नवा महाल बांधायचा नाही. एखाद्या जुन्या शेडमध्ये हातरेचा, रोलर जिन आणि प्रेस ओळीनं मांडावेत, हजेरीपट आणि हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात आणि समजावून सांगायला जिनिंगमधलाच जुना कामगार नेमावा.

आज असं संग्रहालय पारोळा–अमळनेर पट्ट्यात नसेल, तर ते उभारायची वेळ हीच आहे. कारण जुनं यंत्र बदललं की ते भंगारवाल्याकडे किलोवर जातं. नगरपालिका आणि जिनिंगवाल्यांनी एवढं तरी करावं: पुढचं यंत्र मोडीत काढण्याआधी एक बाजूला ठेवावं.