अपुऱ्या दिवसांतली सेवा

कर्जत, जि. रायगड

चि. भाचीस,


परक्या देशात जाऊन ख्रिस्ताची सुवार्ता सांगणाऱ्यांना अनुकूल काळ क्वचितच लाभला. महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचे हे काम सुरू झाले तेच मुळी बंदीहुकमात. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि सॅम्युएल न्यूएल 1812 मध्ये अमेरिकेतून निघाले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. कलकत्त्याला पोचताच त्यांना देश सोडण्यास सांगण्यात आले. त्याच वर्षी इंग्लंड-अमेरिका युद्ध पेटल्याने संशयही वाढला. न्यूएल दांपत्य मॉरिशसकडे वळले. समुद्रावर जन्मलेले त्यांचे बाळ काही दिवसांतच गेले आणि मॉरिशसला पोचल्यावर 19 वर्षांची हॅरिएट न्यूएलही वारली.

हॉल आणि नॉट 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईत उतरले. इथूनही त्यांना घालवून देण्याचे ठरले. ते गुपचूप जहाजाने कोचीनपर्यंत गेले, पण त्यांना परत आणण्यात आले. हॉलने गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना पत्रे लिहून आपली बाजू मांडली. अखेर राहण्याची मुभा मिळाली. पुढच्या वर्षी न्यूएलही त्यांना येऊन मिळाले. प्रकृती ढासळल्याने नॉट मात्र 1815 मध्ये मायदेशी परतले.

उरलेल्यांजवळ साधने तुटपुंजी होती. त्यांनी प्रथम मराठी शिकून घेतली आणि रस्त्यावर, बाजारात, देवळांच्या आवारात लोकांशी बोलायला सुरुवात केली. मग शाळा काढल्या. ख्रिस्ती शिक्षक मिळत नसल्याने हिंदू पंतोजी नेमले. 1817 मध्ये त्यांच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. धर्मांतर करणारे बोटांवर मोजण्याइतकेच होते. 1821 मध्ये न्यूएल पटकीने गेले. 1826 च्या मार्चमध्ये हॉल नाशिक-त्र्यंबकच्या फेरीवर असताना तिथे पटकीची साथ होती. रोग्यांना औषधे वाटून परतताना 20 मार्चला तेही पटकीने वारले. तेव्हा त्यांचे वय 41 वर्षांचे होते. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पूर्ण झाला.

कर्जत-खालापूरचा मुलूख या कामाच्या वाटेवर होता. मुंबईहून देशावर जाणारा रस्ता पनवेल, चौक, खालापूर, खोपोलीवरून बोरघाट चढे. 1830 मध्ये घाटात गाडीरस्ता झाला आणि पुढच्याच वर्षी अहमदनगरला मिशनचे ठाणे पडले. तिथे गेलेल्यांपैकी विल्यम हर्वे 1832 मध्ये, काही महिन्यांतच, पटकीला बळी पडले. रेल्वे 1856 मध्ये खोपोलीला आली, पण घाटातला लोहमार्ग 1863 मध्ये पुरा झाला. तोवर प्रवासी गाडीने, पालखीने, तट्टावरून किंवा पायी घाट चढत. सुवार्तिकांची मोठी ठाणी मुंबई, नगर, बाणकोट, हर्णै इथे पडली. डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्या हमरस्त्यापासून दूरच राहिल्या.

अपुरेपण केवळ परिस्थितीत नव्हते, माणसांतही होते. परकी सत्ता आणि परका धर्म लोकांना एकच वाटत. काही मिशनरी पुस्तिकांनी हिंदू देवदेवतांची अशी निर्भर्त्सना केली की ऐकणाऱ्याचे मन मिटून जावे. तिला विद्वानांनी उत्तरे दिली. आजच्या रायगड जिल्ह्यात जन्मलेल्या विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातला. सत्य सांगताना ऐकणाऱ्याचा मान राखणे हेही सुवार्तेचेच अंग आहे, हे त्या वादांतून शिकण्यासारखे आहे.

फळ आले ते बहुधा न योजलेल्या ठिकाणी. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील बेने इस्राएल या यहुदी समाजात मिशनच्या शाळा चालल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, ते 1832 मध्ये प्रसिद्ध झाले. हा समाज ख्रिस्ती झाला नाही, पण आपल्या शास्त्राची भाषा त्याला नव्याने गवसली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेल्या जावजी दादाजींनी 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यातून संस्कृत ग्रंथांच्या नामांकित आवृत्त्या निघाल्या. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला आणि मराठी ख्रिस्ती मंडळीला तिच्या स्वतःच्या सुरांत गाणारा कवी लाभला. लेखक बाबा पदमनजी आणि टिळक यांच्यासारख्या माणसांनी हा विश्वास मराठीत मांडला, तेव्हाच तो या मातीत रुजला.

परदेशी सेवेला निघणाऱ्याने या इतिहासातून घ्यायचे ते एवढेच. परवाना, पैसा, प्रकृती आणि सोबती सगळे जुळून येईपर्यंत थांबणाऱ्याला काम कधीच सुरू करता येत नाही. तिथली भाषा मनापासून शिकावी, आजाऱ्याजवळ बसावे, यजमानांच्या श्रद्धेची टवाळी करू नये आणि काम लवकरात लवकर तिथल्याच माणसांच्या हाती द्यावे. फळ देणे देवाकडे आहे. सेवकाकडून मागितला जातो तो विश्वासूपणा, आणि तो अपुऱ्या दिवसांतही पुरेपूर देता येतो.

तुझा,
मामा