विचारायची ठिकाणं

जकात नाका. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, शिरणारा मालाचा ट्रक इथे थांबायचा आणि महापालिकेच्या तिजोरीत रोज रोकड पडायची. रांगा, चिरीमिरी, व्यापाऱ्यांचा वैताग, सगळं खरं. पण तो पैसा शहराचा होता. मग स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली आणि जुलै 2017 पासून जीएसटी. आता भरपाईचं अनुदान राज्याकडून येतं. तो हप्ता लांबला की महापालिकेला पगाराची चिंता.

नहरीचे बंबे. सतराव्या शतकात मलिक अंबरने उत्तरेच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालून, निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. त्या वाटेवरचे हे मनोरे. बरेच पडले, काही वस्तीत गडप झाले.

नळाची वेळ. पूर्वी बायका घड्याळाकडे बघायच्या, आता कॅलेंडरकडे बघतात. वार चुकला की पुढची पाळी येईपर्यंत टँकर. धरण आटलेलं नसतं. जायकवाडीत पाणी असतं आणि सिडकोत पिंप रिकामं असतं. समांतर जलवाहिनीचा खासगी करार 2016 मध्ये मोडला. नंतरची योजना 1,680 कोटींची होती, ती 2,740 कोटींवर गेली. त्यात केंद्राचे 25 टक्के, राज्याचे 45, आणि महापालिकेचे 30, म्हणजे 822 कोटी. एवढी रक्कम महापालिकेकडे नव्हतीच, त्यासाठी पुन्हा राज्याकडेच जावं लागलं. काम जीवन प्राधिकरणाचं, पाइप ठेकेदाराचे, देखरेख उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची. पाणी कधी येणार हे विचारायला बाई मात्र वॉर्ड ऑफिसातच जाते, आणि तिथल्या माणसाच्या हातात काहीच नसतं. 2022 मध्ये 4,050 रुपयांची नळपट्टी निम्मी झाली. दिलासा खराच, पण आम्ही वेळेवरचं पाणी मागत होतो.

आस्थापनेवरचा झाडूवाला. त्याला गल्ली नावानिशी माहीत असायची आणि गल्लीला तो. आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या वर गेला की भरतीला राज्य परवानगी देत नाही. पैसे कमी म्हणून टक्का वाढतो, टक्का वाढला म्हणून माणसं कमी, आणि उरलेलं काम ठेकेदाराकडे.

नारेगावचा कचरा डेपो. हा गेला ते चांगलंच झालं. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं साऱ्या शहराची घाण सोसली. फेब्रुवारी 2018 मध्ये त्यांनी गाड्या अडवल्या आणि रस्तोरस्ती ढीग साचले. 7 मार्चला कचऱ्याच्या गाड्या मिटमिट्याला निघाल्या, तिथे दगड आले, लाठ्या आल्या. पोलीस आयुक्त सक्तीच्या रजेवर गेले, महापालिका आयुक्तांची बदली झाली. सरकारने निधी मंजूर केला तो त्यानंतर. घनकचऱ्याचा प्रकल्प आधी उभा राहिला असता तर एकाही गावकऱ्याच्या डोक्यात टाके पडले नसते, एकाही हवालदाराला ढाल उचलावी लागली नसती. शहराची सुरक्षितता कचराकुंडीपासून सुरू होते, हे मिटमिट्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

रात्रीच्या गस्तीची शिट्टी. तिच्या जागी खांबावर कॅमेरे आले, स्मार्ट सिटीच्या पैशातून. ते अभियान 31 मार्च 2025 ला संपलं. कॅमेरा बंद पडला तर दुरुस्तीचं बिल कुणाच्या नावे फाडायचं, पोलिसांच्या की महापालिकेच्या? दोघांच्या टेबलांमधून कागद फिरत असतो तेव्हा चौक आंधळा असतो.

आमच्या वॉर्डाचा नगरसेवक. एप्रिल 2020 ला मुदत संपली आणि जवळजवळ पावणेसहा वर्षं प्रशासक राहिला. करोना, टंचाई, रस्ते रुंद करताना पाडलेली घरं, सगळं या काळात घडलं आणि सभागृहात त्यावर बोलायला निवडून आलेलं एकही माणूस नव्हतं. अधिकाऱ्यांनी पुष्कळ कामं केलीही. पण रात्री अकराला ज्याचं दार वाजवता येईल असा माणूस मिळाला नाही. जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली, 115 जण निवडून आले. आता प्रभागाला बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक. फुटलेल्या ड्रेनेजसाठी त्यातल्या कुणाला फोन करायचा?

क्षेत्रसभा. ही कुणी हरवलेली नाही. ती भरलेलीच नाही. मतदारांनी आपल्या भागात जमावं, कोणतं काम आधी व्हावं ते सांगावं, दिवे-नळ-गटारांचा हिशेब मागावा, अशी तरतूद 2009 मध्ये महापालिका कायद्यात घातली गेली. अजून तिथेच आहे. नव्या सभागृहाने पहिल्या वर्षातच ती बोलवावी. जागा गल्लीतली शाळाही चालेल.