एका तासाचे अंतर

जुळे सोलापुरातील आमच्या दिवाणखान्यात दोन घड्याळे आहेत. एक आपल्या वेळेचे, दुसरे अडीच तास मागे, केनियाच्या वेळेचे. थोरली कन्या गेली सहा वर्षे नैरोबीत हिशेब तपासणीचे काम करते. गतवर्षी जावईबापूंची बदली मोंबासा बंदरावर झाली. कन्या व शाळकरी नात मात्र नैरोबीतच राहिल्या.

वार्ता कळताच मी नकाशा घेऊन बसलो. दोन्ही शहरांतील हवाई अंतर सुमारे ४४० किलोमीटर, विमानास लागणारा वेळ साधारण एक तास. “अण्णा, एका तासाचा तर प्रश्न आहे,” कन्या म्हणाली. परंतु मी पडलो व्यापारी. बिलावरची रक्कम निराळी आणि माल दुकानात येऊन पडेपर्यंतचा खर्च निराळा, हे मला ठाऊक. विमानतळावर आगाऊ पोहोचणे आले, नैरोबीच्या रस्त्यांवरील कोंडी आली. मोंबासाचा विमानतळ मुख्य भूमीवर, तर जुने शहर बेटावर. दारापासून दारापर्यंत त्या एका तासाचे सहज चार-पाच तास होतात. २०१७ साली सुरू झालेली नवी आगगाडी सुमारे ४७० किलोमीटरचा मार्ग पाच-सहा तासांत कापते, पण तिची स्थानकेही शहरांपासून दूर आहेत.

हा सारा हिशेब मी दूरध्वनीवरून कन्येस ऐकवला आणि “संसार असा दोन गावी वाटून चालत नाही,” असे काहीशा कठोरपणे बजावले. ती काही बोलली नाही. दूरध्वनी ठेवल्यावर पत्नीने शांतपणे विचारले, “अहो, सोलापूर ते मुंबई किती किलोमीटर?”

लोहमार्गाने ४५५. टॉवेल आणि चादरींच्या व्यापारासाठी मी सव्वीस वर्षे सोमवारी रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईस जात असे व शनिवारी सकाळी परतत असे. मुलांची दुखणी, शाळा, माझ्या मातोश्रींचे अखेरचे आजारपण, हे सारे तिने एकटीने निभावले. त्याला मी कधी अंतर म्हटलेच नाही. मी त्याला धंदा म्हणत होतो.

त्या रात्री झोप लागली नाही. मोंबासाहून १८९६ साली निघालेला जुना लोहमार्ग १८९९ मध्ये पोहोचला, तेव्हा नैरोबी हे शहर जन्मास आले. तो मार्ग मोंबासापासून सरोवरापर्यंत नेताना तीस हजारांहून अधिक हिंदी मजूर राबले, सुमारे अडीच हजार मृत्युमुखी पडले. त्यांच्यामागून आपले व्यापारीही तेथे गेले. १९६३ साली मोंबासात जिनमंदिर उभे राहिले. या साऱ्यांच्या कर्तृत्वाच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्यामागे घरी राहिलेल्या स्त्रियांनी ती वर्षे कशी काढली, हे मी कधी कुणाला विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता, म्हणजे तिकडे सूर्यास्ताच्या सुमारास, मी कन्येस दूरध्वनी केला आणि तिची क्षमा मागितली. ती हसून म्हणाली, “अण्णा, शुक्रवारी हे येणार आहेत. त्यांच्याशीही बोला.”

पत्नीची क्षमा मागणे अद्याप राहिले आहे. समोर बसले की शब्द फुटत नाहीत. हा अंक मात्र घरी आला की प्रथम तिच्याच हाती पडतो.